टीव्ही आहे म्हणून सांगितलंय

आई, परवा मंगळवारी तुझी सून चेन्नईला येतेय आणि खोलीवर टीव्ही आहे म्हणून मी तिला सांगून बसलोय. टीव्ही नव्हता. पंखा आहे, गॅस आहे, अण्णांच्या वेळची लोखंडी खाट आहे. लग्नाला चार महिने झाले, एवढ्या दिवसांत फोनवर तिनं स्वतःहून एकच गोष्ट विचारली, "तिथं टीव्ही आहे का हो? मराठी लागतं का?" आणि मी पटकन बोलून गेलो, "आहे की. लागतं की." तेव्हापासून माझं जेवणात लक्ष नाही. खोली तीच आहे, जॉर्ज टाउनमधली, सोन्याच्या गलाईच्या दुकानाच्या वरची, जिथं मी सात वर्षांचा असताना तू मला घेऊन अण्णांकडं राहायला आलीस आणि पाच महिन्यांत परत गेलीस. ही पण अशीच परत गेली तर, हे डोक्यातून जात नाही.

या आठवड्यात तीनदा टीव्हीच्या दुकानात जाऊन आलो. चोवीस इंचाचा, भिंतीला लावायचा, सहा हजार आठशे. कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नाही. सोनं असतं तर दगडावर एक रेघ ओढून सांगितलं असतं, नाही पटलं तर मुशीत घालून वितळवलं असतं, आमच्या धंद्यात वितळवल्याशिवाय कुणी कशावर विश्वास ठेवत नाही. टीव्हीला काय लावायचं? मी तो दोन्ही हातांनी उचलून बघितला. इतका हलका, की मला शंकाच आली. आपल्याकडं हलकं म्हणजे आत काहीतरी कमी आहे. परत दुसरा उचलला, परत पहिला. दुकानदार हसायला लागला. म्हणाला, "तंबी, मी टीव्ही किलोवर विकत नाही."

दुसऱ्या वेळी त्याला म्हटलं, मराठी लावून दाखवा. तो म्हणाला मराठीचे पैसे वेगळे, इथं कोण बघतंय मराठी. तरी शोधून लावलं त्यानं. मी टीव्हीकडं पाठ केली आणि डोळे मिटले. कसली तरी मालिका होती, एक बाई दुसरीला म्हणत होती, "वहिनी, चहा टाकू का?" बस, एवढंच. पण आई, त्या दुकानात, पाठीमागून, कुणीतरी मलाच विचारल्यासारखं वाटलं. दुकानदार ओरडला, "अरे, टीव्ही बघायचा असतो! ऐकायचाच असेल तर रेडिओ घे." त्याला काय सांगू? खोलीत दुपारी खालच्या भट्टीच्या ब्लोअरच्या घरघरीवर तो आवाज चढेल का, हे मला बघायचं होतं. तरी पैसे खिशातच ठेवून परत आलो. सहा महिन्यांत बंद पडला तर? मराठी आज लागलं आणि उद्या गेलं तर? आणि टीव्ही चालू राहिला आणि तीच गेली तर?

मालकांना विचारलं. ते आता म्हातारे झालेत, तरी रोज गल्ल्यावर बसतात. म्हणाले, "मोबाईल असताना टीव्ही घेणारा तूच बघितला. तिच्या हातात फोन आहे ना?" आहे. पण तीच मला म्हणाली होती, फोन हातात धरून भाकऱ्या थापता येत नाहीत. मालक म्हणाले, "तुझ्या आईला कुठं होता टीव्ही?" नव्हता, म्हणूनच तर, असं माझ्या तोंडावर आलं होतं. 

मला तू जिन्यात दिसतेस. दुपारची वेळ आहे, भांडी घासून झालीत आणि तू वरून चौथ्या पायरीवर बसलीयस, पदर गुडघ्यावर घेऊन. खाली भट्टीवरची माणसं एकमेकांना शिव्या देतायत, आपल्या गावच्या, आपल्या भाषेतल्या, आणि तू ऐकतेस. मधेच हसतेस. अण्णा तेजाबाची बरणी घेऊन बाहेर येतात, तुला बघतात आणि म्हणतात, "गड्यांच्या शिव्या ऐकायला बसलीयस व्हय? आत जा." तू पदर सावरून आत जातेस. दुसऱ्या दिवसापासून तू जिन्यात बसली नाहीस. मग गॅसशी बोलायला लागलीस. "पेट की बाई," म्हणायचीस, "तुला पण माझं कळत नाही का?" मला त्याचं हसू यायचं. मी तोवर खालच्या पोरांत खेळून तमिळ शिकलो होतो.

आज सकाळी समोरच्या अम्मांच्या दारात गेलो. त्या अजून तिथंच राहतात, आता एकट्याच. मुलगा पेरुंगुडीला फ्लॅट घेऊन राहतो, सणाला येतो. म्हटलं, अम्मा, बायको येतेय, तिला तमिळ येत नाही, जरा लक्ष ठेवा. त्या खूश झाल्या, कॉफी दिली. मग माझ्याकडं बघत म्हणाल्या, "तुझी आई माझ्याकडं कधी आली नाही. तुझ्याकडून तीनदा निरोप पाठवला होता, दुपारी टीव्ही बघायला ये म्हणून. तीनदा तू येऊन सांगितलंस, आई नको म्हणते. फार मानी बाई." ग्लास माझ्या हातात तसाच राहिला. मी मान हलवली. हो, मानी होती, म्हणालो.

मग अम्मांनीच विचारलं, टीव्ही घेतोयस का? म्हटलं बघतोय, पण महाग आहे, टिकेल की नाही माहीत नाही. "माझा दोन वर्षं बंद आहे," त्या म्हणाल्या, "मुलगा आणतो आणतो म्हणतोय. तू आण, मी येईन दुपारी. की तुझी बायको पण नको म्हणणार?" मी म्हटलं, "नाही अम्मा. ती नको नाही म्हणणार." "पण मला मराठी कळत नाही हं." "तिला तमिळ कळत नाही." "मग अर्धा तास माझं, अर्धा तास तिचं," म्हणाल्या, आणि आत जाऊन शेंगदाण्यांचा डबा घेऊन आल्या, जणू दुपार झालीच होती.

तिथून सरळ दुकानात गेलो. न उचलता, न ठोकता घेतला. दुकानदार म्हणाला, "आज वजन नाही करायचं?" आता तो खाटेसमोर भिंतीवर लागलाय. मघाशी लावून बघितला, आवाज ब्लोअरवर चढणार नाही असं वाटलं. आज रविवार, ब्लोअर बंद आहे, मी मनातच घरघर धरून बघितलं. कदाचित चढेलही. उद्या भट्टी पेटली की कळेल. मंगळवारचं नाही, मंगळवारनंतरच्या दुपारींचं भ्या वाटतंय. ती हसून "चांगलाय हो" म्हणेल आणि मला त्यातलं खरं किती ते ओळखता येणार नाही.

सातवीनंतर शाळा सुटली, एवढं लिहायची सवय नाही, अक्षर तू बघितलंस तर रागावशील. तू कायमची गेलीस तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो, आणि तुला सांगायला वेळ नव्हता असं काही नाही. दुकानदारानं वॉरंटी संपेपर्यंत खोकं टाकू नको म्हणून सांगितलंय, तेव्हा हा कागद त्याच खोक्यात थर्माकोलखाली ठेवून माळ्यावर टाकतो. आई, अम्मांचा निरोप तुला मी एकदाही दिला नाही. तू एकटी गेली नसतीस, मला शेजारी बसवून घेतलं असतंस, काय म्हणाली, काय म्हणाली, विचारत राहिली असतीस, आणि खाली पोरांचा डाव लागलेला असायचा. म्हणून तीनही वेळा मी जिन्यात जरा वेळ उभा राहिलो आणि तुला न विचारताच परत जाऊन सांगितलं, आई नको म्हणते.