आधी काय आत न्यायचं

माय, तुझी नात घर हलवते आहे. नाशिकहून थेट बंगळूर, आणि या वेळी मलाही सोबत नेणार आहे, म्हणजे मीही सामानातच जमा. परवा तिनं माझ्या पुढ्यात वही ठेवली आणि म्हणाली, "आई, तुम्ही इतक्या वेळा घरं बदललीत. लांब जाताना काय काय सांभाळायचं ते लिहून दे." मी बसले लिहायला. मिरच्या आणि अंथरुणं एका गठ्ठ्यात बांधू नयेत. बाजेच्या पोटात दगडधोंडा ठेवू नये. स्वयंपाकघर सगळ्यात शेवटी बांधावं आणि सगळ्यात आधी सोडावं. सुतळी लागेल त्याच्या दुप्पट आणावी. पान भरत आलं तेव्हा लक्षात आलं, की यातला एकेक नियम तुझ्या एकेका हट्टातून निघालेला आहे. तू शिकवलं काहीच नाहीस. तू हट्ट केलेस आणि आम्ही निस्तरत निस्तरत शहाणे झालो. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. तुला जाऊन तीस वर्षं झाली, आणि मी वही मांडीवर घेऊन तुझ्यावर चिडून बसले आहे.

नाचणगावचं घर सोडलं तेव्हा मी बारा वर्षांची होते. नागपूरला जाऊन आपण दीक्षा घेतली त्याला दुसरं वर्ष लागलं होतं. बाबा पुलगावच्या डेपोत कारागीर होते, त्यांची बदली पुण्याला झाली. बाबा म्हणजे व्यवस्थेचा माणूस. पंधरा दिवस आधीपासून घरात बारदान, दाभण, सुतळी यांचा बाजार मांडला होता त्यांनी. प्रत्येक नगावर डांबरानं आकडा. एक नंबर ट्रंक, दोन नंबर हंडा आणि त्यात भांडी, असे सोळा नग ठरले आणि त्यांनी ते कागदावर उतरवून कागद खिशात घातला. मग तू पाटा-वरवंटा काढलास. बाबा म्हणाले, "पुण्यात दगड भेटत नाई काय वो?" तू म्हणालीस, "भेटत असन. माया हाताचा नाई भेटणार." झाले सतरा. तो पाटा तू बाजेत घालून बांधलास आणि बैलबंडी पुलगावच्या स्टेशनावर पोचेपर्यंत बाजेचा एक पाय गेला होता. वाळल्या लाल मिरच्या तू गोधड्यांच्या वळकटीत कोंबल्यास, जागा वाचते म्हणून. पुढे दोन महिने आपण सगळे अंथरुणावर पडलो की शिंकायचो, आणि तू म्हणायचीस की इकडची हवाच तशी आहे.

पण पाटा आणि मिरच्या मी तुला कधीच माफ केल्या. माझं भांडण आहे ते तसबिरीवरून. दीक्षेहून येताना तू बुद्धाची तसबीर घेऊन आलीस, काच लावलेली, पाटीएवढी. घरातले जुने देव तू स्वतः टोपलीत घालून नदीला सोडून आली होतीस, एकटी, कुणाला न विचारता, आणि कोनाडा पोतेरं घालून लख्ख केला होतास. त्या कोनाड्यात ती तसबीर. सामान बांधताना बाबांनी तुला समोर बसवून सांगितलं. पुण्यात त्यांच्या ओळखीच्या एकानं दोन खोल्या ठरवून दिल्या होत्या. अंगणात नळ, खोलीत विजेचा दिवा, मुलींची शाळा रस्त्याच्या पलीकडे. आपल्या आडनावावरून तिकडच्या माणसाला काही कळणार नव्हतं, आणि मालकानं काही विचारलंही नव्हतं. बाबा म्हणाले, "तसबीर टरंकेच्या बुडाशी ठेवजो. वरतून गोधड्या टाक. एक महिना निघाला का मंग लावजो भितीले. एकडाव माणूस शेजारी राह्यला, का मंग त्याले काढणं जड जाते." तू काही बोलली नाहीस. बाबांना वाटलं तू ऐकलंस. इतकी वर्षं संसार करून त्या माणसाला एवढंही कळलं नव्हतं की तू गप्प बसलीस म्हणजे नाही म्हणालीस.

पुलगावला गाडीत बसल्यावर बाबांनी नग मोजले, सतरा, आणि मग त्यांना तुझ्या मांडीवरची चौकोनी गुंडाळी दिसली. तुझ्या हिरव्या लुगड्यात बांधलेली. "हे काय हाये?" "माहं लुगडं हाये." "आन लुगड्यात?" तू खिडकीबाहेर पाहायला लागलीस. बाबा हळू आवाजात म्हणाले, "काऊन असं करून राह्यली तू? पोरीची शाळा हाये तिथं." तेव्हा तू बोललीस, "मी त्याले टरंकेत कोंडून नाई नेत." बस्स. मनमाडला गाडी बदलली, दौंडला बदलली, नग दोनदा मोजले, आणि सगळा प्रवास तू ती गुंडाळी मांडीवरून खाली ठेवली नाहीस. भाकर ठेच्याला लावून एका हातानं खाल्लीस. मला झोप आली तर म्हणालीस, बाबांच्या मांडीवर डोकं ठेव, माझी भरली आहे. मला त्या तसबिरीचा राग तेव्हाच आला होता. बाबा मात्र सावरले होते. दौंडनंतर ते खिडकीशी बसून पुण्याचं बोलणं पुटपुटत होते, "मला, तुला, आम्हाला." मला हसू येत होतं आणि त्यांची कीवही.

रविवारची सकाळ होती. टांग्यातून उतरून आपण त्या दारात उभे राहिलो. घरमालकीणबाई वाट पाहत होत्या. त्या वाईट नव्हत्या, माय, हे मी आजही म्हणेन. त्यांनी आपल्यासाठी नळाचं पाणी कळशीत भरून ओट्यावर ठेवलं होतं. माझ्या गालाला हात लावला. हमालानं एक नंबरची ट्रंक उचलली, तशा त्या म्हणाल्या, "थांबा हो, थांबा. आधी देव आत न्या, मग सामान. रिकाम्या घरात सामान आधी नेऊ नये. कुठे आहेत तुमचे देव?" किती साधी गोष्ट. कुणीही म्हणेल अशी. बाबांनी सतरा नगांचा विचार केला होता, पावसाचा केला होता, दौंडच्या हमालाचा केला होता, या एका प्रश्नाचा केला नव्हता. तरी ते चटकन म्हणाले, "देव मागून येणार आहेत. भावाबरोबर." चांगलं शुद्ध बोलले. मला त्यांचा अभिमान वाटला. त्या बाई म्हणाल्या, "बरं, मग हळदकुंकू तरी न्या," आणि आत वळल्या. एवढंच होतं. त्यांना वळू द्यायचं होतंस तू. आणि तू लुगड्याची गाठ सोडलीस. "बाई," तू म्हणालीस, "हे पयले येतेत आमच्या घरात."

त्यांनी तसबिरीकडे पाहिलं, मग बाबांकडे. "असं होय," म्हणाल्या आणि आत गेल्या. पाच मिनिटांनी मालक आले. फार नम्रपणे म्हणाले की खोल्या भाच्याला द्यायच्या ठरल्यात, आज सकाळीच पत्र आलं. रविवारी टपाल येत नाही हे मला बाराव्या वर्षीही माहीत होतं. बाईंनी येऊन ओट्यावरची कळशी उचलून आत नेली, आणि आपले सतरा नग पुन्हा रस्त्यावर. मी दारातून आत पाहिलं होतं. छताला लोंबणारा दिवा पाहिला होता. बाबा नग मोजत होते, उगाचच, कारण एकही हलला नव्हता. मोजून झाल्यावर ते तुला म्हणाले, "झालं समाधान?" तू म्हणालीस, "झालं." आणि तुझ्या तोंडावर खरंच समाधान होतं. तेच मला सहन झालं नाही.

आठ दिवस बाबांच्या ओळखीच्या माणसाच्या पडवीत, आणि मग नाल्यापलीकडची पत्र्याची खोली. पत्र्याला खिळा धरेना म्हणून तू तसबीर सुतळीनं बांबूला बांधलीस. शाळा दोन मैल. नाल्याला पाणी आलं की शाळा बुडायची. कंदिलाशी अभ्यास करून करून मला लवकर चष्मा लागला, आणि प्रत्येक वेळी चष्मा पुसताना मी मनात म्हणायची, एक महिना. फक्त एक महिना ती ट्रंकेत राहिली असती तर तिचं काय बिघडणार होतं? तू म्हणशील, महिन्यानं लावली असती तरी त्यांनी काढलंच असतं. काढलं असतं कदाचित. नसतंही. पण तू असं कधी म्हणालीच नाहीस. तू कधी काही समजावून सांगितलं नाहीस, हीच तर माझी तक्रार आहे. जणू समजावून सांगायची गरजच नव्हती, जणू मला ते आपोआप कळायला हवं होतं.

मग माझी पाळी आली. लग्न झालं, मास्तरीणबाई झाले, नाशिकला बदली झाली. चार मजल्यांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर जागा मिळाली. यांनी सांगितलं, "तुला पटेल तसं कर." मी बाबांसारखे नग मोजले, आकडे घातले. आणि जिन्यात पहिल्याच मजल्यावरच्या म्हातारबाईंनी हाक मारली, "अगं, आधी देव ने वर." माय, मी तयारीत होते. आदल्या दिवशी मी बाजारातून एक पितळी समई विकत घेतली होती. आपल्या घरात समई कुणी कधी पाहिली नव्हती. ती समई, वाटीत मीठ आणि हळदीचं पाकीट घेऊन मी त्यांच्या समोरून ताठ मानेनं वर गेले. तसबीर, जी बाबा गेल्यावर तू मला दिली होतीस, ती ट्रंकेच्या बुडाशी होती. वर गोधड्या. बाबांच्या सल्ल्याप्रमाणे. आणि सल्ला बरोबर होता. कुणी काही विचारलं नाही. वाट्या आल्या, वाट्या गेल्या, संक्रांतीला वाण आलं. महिना झाला, मग दोन झाले. महिन्यानंतर लावायची होती, पण महिना कधी संपतो हे बाबांनी सांगितलं नव्हतं. अकरा महिने झाले आणि तुझं कार्ड आलं की तू येते आहेस.

तू आलीस तेव्हा तसबीर भिंतीवर होती, दारासमोरच. तू पायातल्या वहाणा काढल्यास, तिच्याकडे पाहिलंस, हात जोडलेस. मी सुटले. तिसऱ्या दिवशी तू स्टुलावर चढून पदरानं काच पुसायला लागलीस. मी खालून स्टूल धरून उभी होते. तू बराच वेळ पुसत होतीस. मग वरूनच म्हणालीस, "खिया नवा दिसते." मी म्हणाले, "जुना खिळा गंजला होता." "हो काय," म्हणालीस आणि उतरलीस. पुढे अठरा दिवस राहिलीस, त्याबद्दल एक शब्द नाही. रोज दुपारी दार सताड उघडं टाकून उंबऱ्याशी डाळ निवडत बसायचीस, जाणारा येणारा आत बघणारच. मी दार लोटून घ्यायची, तू पुन्हा उघडायचीस. तू गेलीस तोवर सगळ्या इमारतीला कळलं होतं. वरच्या मजल्यावरची वाटी थांबली. समोरच्यांची थांबली नाही, उलट त्यांनी तुझ्या हातच्या मिरच्या मागून नेल्या. एवढंच झालं. अकरा महिने मी ज्याला भीत होते ते एवढंच होतं, आणि तेही तू निस्तरलंस, न सांगता, डाळ निवडत.

तेव्हाच लिहायला हवं होतं तुला. पण तुला वाचता येत नव्हतं. माझी पत्रं तुला शेजारची पोर वाचून दाखवायची, तुझी कार्डंही तीच लिहायची, आणि हे तू तिच्या तोंडून ऐकावंस असं मला वाटलं नाही. मग तू गेलीस.

काल तुझ्या नातीनं माझी वही वाचली. म्हणाली, छान आहे, पण पहिलीच ओळ कोरी का? मी म्हणाले, तिथं पोचल्यावर आधी काय आत न्यायचं ते लिहायचं आहे, आठवत नाही. ती म्हणाली, "पिण्याचं पाणी आणि फोनचा चार्जर, दुसरं काय." मग भिंतीकडे पाहून म्हणाली, "आणि आजीची तसबीर ट्रकात नको हं आई. काच फुटेल. मी मांडीवर घेऊन जाते." तिला काहीच माहीत नाही. मी तिला कधी सांगितलंच नाही. तिला फक्त काचेची काळजी होती. आता ती स्टुलावर चढून तसबीर उतरवते आहे आणि खाली मी स्टूल धरायला हवी, म्हणून पुरे करते.

जुना खिळा नव्हताच, माय. तो नवा खिळा मी तू यायच्या आदल्या दिवशी ठोकला होता.