पाच टोप्या

मेरीसव्हिल, कॅलिफोर्निया
९ मार्च १८५५

प्रिय अल्वा,

तू डाउनीव्हिलच्या खाणीत आहेस, हे खेचरवाल्या सायलसकडून कळलं. पत्र त्याच्याच हाती देते आहे. दीड वर्षात तुझी एक ओळ नाही. माणसाने रुसावं तरी किती!

दुकान चालू आहे. कापायचं तुझं काम, शिवायचं माझं. आता दोन्ही मीच करते. गिऱ्हाइकांचं खूळ तेच. कोट कसाही चालेल, पण आत पिस्तुलाचा खिसा हवा, कातड्याचं अस्तर लावलेला. पाद्रीबाबांनीसुद्धा शिवून घेतला, बोल आता! दात काढणारा डॉक्टर म्हणतो, "बाई, फुगवटा दिसता कामा नये." तळहाताएवढी ती पिस्तुलं, आणि ज्याच्या खिशात बघावं त्याच्या आहेच. संध्याकाळी दार लावलं की तुझ्या कात्रीशी बोलते. वेड लागायचं बाकी आहे.

तू नवं पाचबारी पिस्तूल आणलंस तो दिवस आठवतो? टेबलावर मांडून मला ऐटीत शिकवलंस, "लव्हिसा, दारू-गोळी कितीही ठास, मागे ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी नसेल तर हे नुसतं लोखंड." मी नीट ऐकलं होतं.

नंतर ते जोथम न्हाव्याचं प्रकरण. चारचौघांत तो म्हणाला, "अल्वा, बाही वाकडी कापलीस की माझा हातच वाकडा आहे रे?" एवढ्याशा बाहीवरून तू दोन दिवस जेवला नाहीस. तिसऱ्या दिवशी खिशात हात घालून त्याच्या दुकानात गेलास. पाच वेळा घोडा ओढलास आणि पाच वेळा नुसतं कट्, कट्. जोथम आधी पांढराफटक पडला, मग हसत हसत खुर्चीतच बसला. "अरे, टोप्या चढवायला विसरला!" तेव्हापासून गावाने तुझं नाव 'बिनटोपीचा' ठेवलं. चौथ्या दिवशी न्याहारी न करता तू निघून गेलास. तुझी न्याहारी मी दुपारपर्यंत झाकून ठेवली होती.

सायलस सांगत होता, तू दिवसातून दहादा टोप्या चाचपून बघतोस. आणि म्हणतोस, बर्फ वितळलं की खाली येईन आणि जोथमशी राहिलेलं काम पुरं करीन. ऐकलं आणि शिवण बाजूला ठेवून हे पत्र लिहायला बसले. त्याला आता मुलगी झाली आहे रे. तू त्याला मारशील, नाहीतर तो तुला. तिकडून तू यावास म्हणून मी रोज रस्ता बघते, पण असा नको.

म्हणून आज सांगते. तू विसरला नव्हतास, अल्वा. त्या सकाळी तू दाढी करत होतास, तेव्हा मी टोप्या काढल्या. पाचच्या पाच. गावभर तुझं हसं झालं आणि मी गप्प बसले, कारण खरं कळलं तर तू मला सोडून जाशील असं वाटलं. तू तरीही गेलास. टोप्या काढून मीच तुला टोपी घातली. राग काढायचा तर माझ्यावर काढ, जोथमवर नको. त्या पाच टोप्या या कागदात बांधल्या आहेत. सोबत कोट पाठवते आहे, मापं आठवणीवरून घेतली. त्याला तसला खिसा ठेवलेला नाही. तो घालून ये. आणि पिस्तूल घेऊनच आलास, तर दाढी करताना सांभाळून राहा. मी पुन्हा काढीन.

तुझीच,
लव्हिसा