वाटीभर पिठाचं वजन

तीर्थरूप माईक, गोकर्णाहून बाळाचा लांबूनच वाकून नमस्कार.

लिहितो लिहितो म्हणत टाळलं, माई. मोबाईल समुद्रात पडला हे निमित्त, खरं तर मी रुसलो होतो. तब्येत बरी आसा. बाबांचो गुडघो कसो आसा? इथला समुद्र आपल्यासारखाच, पण मासे... ते राहूंदे.

मी कामाला आहे त्या हॉटेलात आपले मालवणी वडे केले. वाटीभर पाणी काट्यावर ठेवलं, दोनशे ग्रॅम भरलं. म्हणून पीठही वाटीमागे दोनशे ग्रॅम घेतलं. पीठ हलकं असतं हे मला कोण सांगणार! ते वाटीच्या दीडपट झालं, पाणी कमी पडलं आणि वडे दगड. मालक हसत सुटला.

संचिता वहिनीला मात्र तू शेजारी बसवून एकेक वाटी पीठ काट्यावर तोलून दाखवलंस. मोबाईल बुडायच्या आधी तिच्याच स्टेटसवर बघितलं. मी विचारलं तेव्हा, "अंदाजान घाल!" ती काल घरात आली, मी पोटचा ना गो?

थांब, दारात कोणी आलंय.

माई, वहिनीच! माहेरच्यांबरोबर देवदर्शनाला आलीय. माझा दगडी वडा चावत म्हणते, "भावोजी, माई पहिलो वडो अजून तुमच्याच नावान बाजूक काढून ठेवतत. माका तो कधी गावूक नाय."

तुझो,
बाळो