बारा बायका आणि ऊन

बाबा, आज शाळेतून आल्यापासून मला एका जागी बसवत नाहीये. दोनदा गच्चीवर जाऊन पापड उलटून आले. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "अगं, वाळू दे की त्यांना सुखाने." धाडायला पत्ता नाही, तरी तुम्हालाच लिहिते.

तुम्ही ज्या मल्हारगंज मोहल्ल्यात गणित शिकवायचात, तिथेच मी आता मुलींना शिकवते. नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली, पुस्तकं बदलली, पण त्रैराशिकात अजून तेच मजूर तीच भिंत बांधतायत. मला कंटाळा आला. म्हणून वार्षिक परीक्षेत मी घरातलंच गणित घातलं: सहा बायका पापड लाटून, वाळवून चार दिवसांत डब्यात भरतात, तर बारा बायका किती दिवसांत भरतील? उत्तर दोन. हुशार मुलींनी फटकन दोन लिहिलं. बायका दुप्पट, दिवस निम्मे, झालं. एकीनेच तीन लिहिलं, आणि रीत काहीच नाही.

ही मुलगी गौतमपुऱ्याची, बड्या गणपतीच्या देवळाजवळ मामाकडे राहते. नापास झाली तर शाळा बंद आणि परत गावी, असं मामा शाळेत येऊन सांगून गेलाय. आणि पोरगी पास होण्यात नेमकी या एका गणिताच्या गुणांवर अडकलीये. आज तिला बोलावून तिची उत्तरांची कॉपी पुढे ठेवली. "हे तीन कसं आलं?" एवढंच विचारलं. तिचा चेहरा उतरला. "गलती हो गई, बहनजी. दोनच आहे," म्हणत बोटाला थुंकी लावून ती आकडा पुसायलाच लागली.

"कसं आलं" विचारणारा तो आवाज माझा नव्हता, बाबा, तुमचा होता. स्वयंपाकघरात आई पोळ्या लाटतेय, मी उंबऱ्याशी पाटी धरून बसलेय, उत्तर बरोबर आहे, आणि तुम्ही विचारता, "कसं आलं?" मी गप्प. तुम्ही ओल्या फडक्याने पाटी पुसता. "उत्तर कुणीही आणेल. कसं ते सांग." आई म्हणते, "जेवू तरी द्या पोरीला." तुमचं चुकत नव्हतं हो. पण मला ते चोरी पकडल्यासारखं ऐकू यायचं, आणि रागही यायचा, फार.

मी तिला शेजारी बसवलं. म्हटलं, "माझे पापड गच्चीवर पडलेत. तुमच्या घरी कसे करतात गं?" मग हळूहळू बोलायला लागली. दोन दिवस लाटायचे, दोन दिवस उन्हाचे. "बाया दुप्पट आल्या तर लाटणं एका दिवसात होईल, बहनजी. पण ऊन थोडंच दुप्पट पडणार?" दर उन्हाळ्यात पापड घालणारी मी, गणित काढताना ऊनच विसरले होते.

पूर्ण गुण दिले, शाईने. बडे सर, आमचे हेडमास्तर, ऐकून म्हणाले, "कल सुबह कॉपी लेकर आइए, और समझाइए कैसे." समजावण्यासारखं सगळं आहे माझ्यापाशी. चाळिशी उलटली, वर्गात माझा दरारा आहे म्हणतात. तरी तेव्हापासून एकच भीती आहे: उद्या मीच गप्प बसले तर ती पोरगी गावी जाईल. तुम्हाला कधी सांगितलं नाही, बाबा. उत्तर कसं आलं ते मला पुष्कळदा ठाऊक असायचं. तुम्ही विचारलंत की ते पळून जायचं.