गिरणीवरच्या नाटकाचा शेवट

अण्णा,

तुमच्या त्या रेडिओच्या नाटकाचा शेवटचा भाग सापडला. दुसऱ्या गावच्या एका संग्राहकानं सीडीवर पाठवला. आता जुनी नाटकं, गाणी संगणकात साठवता येतात. पाहिजे तेव्हा लावा, पाहिजे तिथं थांबवा. हे सगळं मी क्लास न लावता शिकलो. जुन्या टेपमधली खरखर किती काढायची आणि किती राहू द्यायची, यात आपल्या तीर्थपुरीत काय, जालन्यातही कुणी मला शिकवावं असं नाही. गाण्यातला तबला असा सुटा ऐकू येतो, की तुम्ही असता तर गिरणी बंद करून बसला असता.

तशी ती तुम्ही बंद करायचाच. नाटकाची वेळ झाली की पट्टा उतरवायचा, आणि दळणाचे डबे घेऊन आलेल्या बायका पिठाच्या धुरळ्यात तिथंच बसायच्या. घर गिरणीला लागून, म्हणून आई मधल्या दारात. स्टोव्हची फरफर नको म्हणून ती स्वयंपाक अर्धा टाकून यायची. मी रेडिओच्या खुंटीकडं हात नेला की तुम्ही ओरडायचा, "काटा हलवू नको, बराबर लागलाय!" नाटकात भांडून घर सोडलेला भाऊ होता, आणि त्याची वाट पाहणारी बहीण. आईचा जीव त्यात का अडकला होता, हे गिरणीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. ताईच्या लग्नात मानाचा फेटा बांधायचा राहिला म्हणून मामा तुमच्यावर रुसून वडीगोद्रीला गेला, तो पुन्हा आपल्या दारी आलाच नव्हता.

शेवटच्या भागाच्या दिवशी रेडिओचे सेल उतरलेले. तुम्ही ते दुपारभर पत्र्यावर उन्हात ठेवले होते, तरी ऐन वक्ताला त्यांनी दगा दिला. बाहेर पावलं वाजतात, बहीण विचारते, "कोण आहे?" आणि आवाज बसत जातो, बसत जातो, बंद. बायका तुमच्यावरच उखडल्या. "अवो गिरणीवाले, पीठ तरी पुरं देता का, का ते बी अर्धंच?" सगळ्या हसल्या. आई हसली नाही. उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही नवा पट्टा आणायला जालन्याला गेल्ता. आलात ते वहाणा न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभे. मला अजून तसेच दिसता.

"तिथं मस्तगडातल्या एका दुकानदारानं पुरं नाटक ऐकलंय. आला म्हणे भाऊ."

"आला? मंग बहीण काय म्हणली?"

"म्हणली, हातपाय धू, वाढते."

"अन् भांडणाचं?"

"न्हाई काढलं. कुणीच न्हाई."

आई तव्यावरची भाकरी उलटायची विसरली. त्याच आठवड्यात तिनं वडीगोद्रीला निरोप धाडला. मामा आला तेव्हा पाण्याचा तांब्या तुम्ही स्वतः पुढं केला, आणि फेट्याचा विषय आपल्या घरात परत निघाला नाही.

अण्णा, नाटकातला भाऊ येत नाही. मी तीनदा ऐकलं. "कोण आहे?" म्हटल्यावर पावलं दाराशी थांबतात, आणि मग पुढं निघून जातात. लांब, आणखी लांब. नाटक तिथंच संपतं. म्हणजे मस्तगडात दुकानदार कुणी नव्हताच.

काल सकाळी आई म्हणाली, "लाव की ते. किती दिवसांचा सापडलं सापडलं करून राह्यला." मी अडलो. गाण्याच्या कडव्यांचा क्रम कुणी चुकवला तरी मी टोकणारा माणूस. पण ज्या शेवटाच्या भरवशावर तिनं भावाला बोलावलं, तो खोटा होता हे तिला ऐकवायचं कसं? आणि तिच्यापासून लपवायचं तरी कसं? लावलं. तिनं डोळे मिटून ऐकलं. पावलं विरल्यावर तिनं दळणात खडे निघावेत तसं माझ्याकडं बघितलं.

"हे अर्धंच हाय."

"पुरं आहे आई. मी नीट तपासलंय."

"काय तपासलं रे? तुझ्या अण्णांनी जालन्याहून पुरं ऐकून आणलं व्हतं. ऐक."

आणि तिनं सांगितलं. कडी कशी वाजली, भाऊ खाली मान घालून कसा उभा, बहिणीनं ताटात आधी काय वाढलं. तुम्ही न सांगितलेलंही बरंच. माझ्या कामाला अर्धं म्हटलेलं मी कुणाचं ऐकून घेत नाही. काल घेतलं. "हो, अर्धंच आहे," म्हणालो, माइक तिच्यापुढं ठेवला आणि म्हणालो, "परत एकदा सांग."

हे पत्र धाडायला पत्ता नाही, तेव्हा राहील माझ्यापाशीच. एक मात्र सांगून टाकतो. आईचा आवाज मी नाटकाच्या शेवटी जोडला. जोडताना लांब जाणारी पावलं कापली, दाराशी थांबलेली तेवढी ठेवली. मूळ प्रत वेगळी जपून ठेवली आहे. तुमच्याइतकं खोटं मला अजून जमत नाही.