डॉलीचं बाळंतपण आणि नववी 'ब'

वसमत, १० फेब्रुवारी १९७४, रविवार
डॉलीचे दिवस भरले. डिलिव्हरी शास्त्रीय पद्धतीने करायची ठरवली आहे. या गावात विज्ञान समजणारा मी एकटा, बाकी सगळा आनंद. बैठकीत पोतं अंथरलं. वर शंभरचा बल्ब, शेजारी माझी खुर्ची, हातात थर्मामीटर. बायको हिला काळी म्हणते आणि कुत्री त्याच नावाला वळून बघते. संगतीचा परिणाम.

बायको म्हणते, माह्या चारी बाळंतपणात तुमी परभणीला पेपर तपासत बसले, आता कुत्रीपाशी काहून बसून राहिले? म्हटलं, ती ड्यूटी होती.

११ फेब्रुवारी, सोमवार
सकाळी टेम्परेचर उतरलं. म्हणजे वेळ जवळ आली, पुस्तकात तसंच आहे. डॉली पोतं उकरू लागली. टॉर्च मारून पाहिलं, थांबली. पुन्हा उकरू लागली, पुन्हा टॉर्च, पुन्हा थांबली. जात आळशी.

शेजारची पारुबाई डोकावली. म्हणे, मास्तर, बाप्या माणसानं बाळंतिणीपाशी बसू न्हाई, तुमी भाईर जा. अंधश्रद्धेवर तिला सविस्तर समजावलं. मान वर केली तर ती केव्हाच निघून गेली होती.

१२ फेब्रुवारी, मंगळवार
नववी 'ब'चा अख्खा वर्ग घरी आणला. असं प्रॅक्टिकल मराठवाड्यात कोणी दिलं नसेल. कळा सुरू झाल्या. मी समजावून सांगू लागलो, तर कळा बंद. डॉली सरळ पलंगाखाली. ओढून बल्बखाली आणली, पुन्हा पळाली. जळबा नावाच्या गाढवाने विचारलं, सर, ती लाजून राहिली का? बाकावर उभा केला असता, पण घरी बाक नाही.

संध्याकाळी. पाणीसुद्धा पीत नाही. नुसती धापा टाकते आणि माझ्याकडे बघते. पुस्तकात यापुढचं काही नाही. मला भीती वाटते आहे. हे फक्त इथे लिहितो.

१३ फेब्रुवारी, बुधवार
नाइलाजाने गुरांच्या दवाखान्यातला डॉक्टर आणला. पुनमचंद राठोड. माझाच विद्यार्थी. विज्ञानात याला काठावर पास केलं होतं, आता गळ्यात स्टेथोस्कोप घालून फिरतो.

पोट चाचपलं. पिल्लं जिवंत आहेत म्हणाला. कळा येतात, पण कोणी डोक्यावर उभं राहिलं की ही आवरून धरते. इथे कोण बसतं, म्हणून विचारलं. बायकोने माझ्याकडे बोट केलं. मग मला म्हणाला, सर, आज मोकळी झाली न्हाई तर परभणीला नेऊन पोट फाडावं लागंल, त्यात ती जगंल असं सांगता येत न्हाई. त्याआधी एक इलाज आहे. तुमी घराभाईर जा.

इंजेक्शनसुद्धा दिलं नाही. डॉक्टर कसला! पारुबाईने बल्ब विझवला, दाराला गोधडी लावली. मी निषेध म्हणून एसटी स्टँडवर येऊन बसलो आहे. चहा घेतला, तो गेला नाही. परभणीची प्रत्येक बस लागली की उठून बघतो, कुत्रीला घेऊन कोणी आलं का. मूर्ख कुत्री. जगून दाखव म्हणावं.

१४ फेब्रुवारी, गुरुवार
पाच पिल्लं. पाचही जिवंत, डॉली ठणठणीत. बायको सांगते, मी गल्लीचं तोंड ओलांडलं असेल-नसेल तेवढ्यात पहिलं झालं. योगायोग.

थर्मामीटर घेऊन आत गेलो. डॉलीने दात दाखवले. मला. पारुबाई चालते, बायको चालते, नववी 'ब' दोघा-दोघांनी जाऊन बघून येते. जळबाने एक पिल्लू हातात घेतलं होतं, त्यालाही काही म्हणाली नाही.

मी व्हरांड्यात. बायकोने चहा इथेच आणून दिला. शांतपणे म्हणाली, माह्या येळी तुमी परभणीला होते तेच बरं झालं, चारी लेकरं सुखरूप झाली.

पायरी गार लागते. माझी खुर्ची आतून मागवली. तिच्यावर पारुबाई बसली आहे, म्हणे.