साडेनऊची गाडी

बाबा,

मला आज सकाळची ड्युटी आहे, नातीला शाळेत तुम्हीच सोडा. पण घाई नको. काल मुख्याध्यापिकांनी लेखी दिलंय: ती साडेनऊपर्यंत आली तरी चालेल, तेही घंटेच्या गोंगाटात फाटकातून नाही, ग्रंथालयाच्या शांत दारातून. उशिराचा लाल शेरा बंद.

मोजे उलटे घालेल, घालू द्या. आतली शिवण तिला टोचते. दारात थबकली तर ओढू नका, नुसते शेजारी उभे राहा. सून शहाणपण शिकवते म्हणा हवं तर, पण परवा मीही ओढलंच होतं.

हॉलमधलं घड्याळ तुम्ही वीस मिनिटं पुढे केलं होतं, ते मी बरोबर लावलंय. तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून गप्प बसली.

तुम्ही तीस वर्षं बस डेपोत गाड्यांच्या वेळा सांभाळल्यात, तेव्हा तिचा निरोप तुम्हालाच नीट कळेल. शाळेचं पत्र ऐकून म्हणाली, "आजोबांना सांग, मी लेट नव्हतेच. माझी गाडी साडेनऊचीच होती, बोर्डावर कुणी लिहिली नव्हती."